वजाबाकीतून उरणारा आकडा

मांजरांसाठीच्या तयार खाद्याच्या डब्यावर प्रथिने, स्निग्ध पदार्थ, तंतू आणि ओलावा यांचे आकडे छापलेले असतात. कर्बोदकांचा आकडा बहुतेक वेळा नसतो. निरोगी मांजर पाळणाऱ्याला त्याची उणीव जाणवत नाही. मांजराला मधुमेह झाला की मात्र नेमका तोच आकडा हवा असतो, कारण अशा मांजराला कमी कर्बोदकांचे खाद्य द्यावे, असे पशुवैद्य सांगतात. हा आकडा डब्यावर का नाही आणि तो काढायचा कसा, हे पाहू लागलो की आपण थेट एकोणिसाव्या शतकातील जर्मनीत, बैलांच्या गोठ्यात जाऊन पोहोचतो.

ग्यॉटिंगेन शहराजवळच्या वेंडे या गावी एक कृषी प्रयोग केंद्र होते. १८६०च्या दशकात तेथे विल्हेल्म हेन्नेबर्ग आणि फ्रिडरिश श्टोमान हे गुरांच्या चाऱ्याचे पृथक्करण करीत होते. त्यांची रीत साधी होती. चारा भट्टीत वाळवला की घटलेले वजन म्हणजे ओलावा. ईथरमध्ये विरघळून निघाले ते स्निग्ध पदार्थ. आधी सौम्य आम्लात आणि मग सौम्य अल्कलीत उकळूनही जे टिकले ते तंतू. जाळल्यावर उरली ती राख. नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिने. हे सारे शंभरातून वजा केल्यावर जे शिल्लक राहिले त्याला ‘नायट्रोजनमुक्त अर्क’ असे भारदस्त नाव मिळाले. पिष्ट आणि शर्करा त्यातच येतात. म्हणजे कर्बोदके कोणी मोजलीच नव्हती. इतर सर्व मोजणीतल्या चुकाही त्या उरलेल्या आकड्यात जाऊन बसत. बैलाच्या चाऱ्यासाठी हे पुरेसे होते. तीच रीत थोड्याफार फरकाने आजही पशुखाद्याच्या प्रयोगशाळांत चालते आणि डब्यावरचे आकडे तिच्यातूनच येतात.

यातली प्रथिनांची मोजणी सोपी केली ती योहान क्येल्डाल यांनी. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत ते काम करीत. बार्लीतील प्रथिने त्यांना मोजायची होती. १८८३ साली त्यांनी दिलेली पद्धत अशी : पदार्थ तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातील नायट्रोजनचा अमोनिया करून तो मोजायचा आणि आलेल्या आकड्याला ६.२५ने गुणायचे. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून १०० भागिले १६. नायट्रोजन प्रथिनातलाच आहे की आणखी कशातला, हे या पद्धतीला कळत नाही. या उणिवेची किंमत पुढे मांजरांनी मोजली. त्याकडे नंतर येऊ.

मांजराच्या आहारात पिष्ट शिरले ते यंत्रामुळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कथिलाच्या टंचाईमुळे डबाबंद खाद्य मागे पडले आणि कोरड्या खाद्याला बरकत आली. १९५०च्या दशकात ते बनवण्यासाठी नवे यंत्र वापरात आले. आपल्याकडच्या चकलीच्या सोऱ्यासारखीच कल्पना : ओले पीठ उष्णतेत आणि दाबाखाली शिजवायचे आणि छिद्रातून बाहेर ढकलायचे. बाहेर येताच दाब उतरतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि दाणा फुलतो. फुलण्यासाठी आणि फुललेला आकार टिकण्यासाठी पिष्ट लागते. तेव्हा कोरड्या खाद्यातला मका किंवा तांदूळ स्वस्त म्हणून असतो हे खरे असले, तरी दाण्याची घडणच त्यावाचून अवघड असते.

हे खाद्य आधी कुत्र्यांसाठी आले. मांजर म्हणजे जणू लहान आकाराचा कुत्रा, असे बराच काळ गृहीत धरले गेले आणि ते महागात पडले. १९७५ साली हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की टॉरिन हे अमिनो आम्ल न मिळाल्यास मांजराचा डोळ्याचा पडदा झिजतो. कुत्रा टॉरिन साधारणपणे स्वतःच्या शरीरात बनवून घेतो. मांजराला ते पुरेसे बनवता येत नाही. तरीही १९८७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी शोधून काढले, की बाजारातले तयार खाद्य खाणाऱ्या मांजरांचे हृदय टॉरिनच्या अभावी निकामी होत आहे, आणि टॉरिन दिल्यावर ते सुधारते. त्यानंतर उत्पादकांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले.

डेव्हिसमधल्याच क्विन रॉजर्स आणि जेम्स मॉरिस यांनी १९७७ साली आणखी एक गोष्ट नोंदवली होती. आपण प्रथिने कमी खाल्ली तर आपले यकृत ती जाळण्याचा वेगही कमी करते. मांजराच्या यकृतातील विकरांत असा बदल जवळजवळ होत नाही. ते प्रथिनांपासून ग्लुकोज बनवण्याचे काम अखंड चालू ठेवते. मोकाट मांजर उंदीर, पाखरे खाऊन जी ऊर्जा मिळवते, तिच्यात कर्बोदकांचा वाटा २ टक्क्यांच्या आसपासच असतो. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहीच्या दोन जनुकांपैकी एक मांजरात निकामी आहे, हे २००५ साली उघड झाले. (मग आपले मांजर बासुंदीच्या पातेल्यापाशी का घुटमळते? सायीसाठी.)

एवढ्यावरून ‘कोरडे खाद्य म्हणजे मधुमेह’ असे समीकरण अनेक जण मांडतात. ते सिद्ध झालेले नाही. लठ्ठपणा, वाढते वय आणि नर मांजराचे खच्चीकरण ही कारणे अधिक पक्की आहेत. मांजराचा मधुमेह माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी इतका मिळताजुळता असतो, की स्वादुपिंडात साचणाऱ्या अमायलिन या पदार्थाचा छडा १९८७च्या सुमारास लागला तेव्हा स्वीडनच्या पेर वेस्टरमार्क यांच्या कामात मधुमेही मांजराचे स्वादुपिंडही होते. एकदा रोग जडल्यावर मात्र आहाराने फरक पडतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६३ मधुमेही मांजरांना दोन प्रकारचे डबाबंद खाद्य दिले होते. सोळा आठवड्यांनी, कमी कर्बोदकांच्या गटातील ६८ टक्के मांजरांचे इन्शुलिन थांबवता आले. मध्यम कर्बोदके आणि जास्त तंतूंच्या गटात ४१ टक्क्यांचे.

आता वजाबाकीकडे येऊ. ही आकडेमोड नववी-दहावीच्या वर्गात सहज करून घेता येईल. उदाहरणादाखल एक कोरडे खाद्य घेऊ : ओलावा ८, प्रथिने ३२, स्निग्ध १४, तंतू ४, राख ७. बेरीज ६५, म्हणून कर्बोदके ३५ टक्के. दुसरा एक ओला डबा : ओलावा ७८, प्रथिने ११, स्निग्ध ६, तंतू १, राख २. उरले २ टक्के. तिसरा रश्शातल्या तुकड्यांचा : ओलावा ८२, प्रथिने ८, स्निग्ध २.५, तंतू ०.५, राख १.५. उरले ५.५ टक्के. पहिल्या खाद्याच्या ३५पुढे तिसऱ्याचे ५.५ किती निर्धोक वाटतात! पण मांजर पाण्यातून ऊर्जा घेत नाही. तेव्हा एकूण ऊर्जेत कर्बोदकांचा वाटा किती, हे पाहिले पाहिजे. आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रथिने, स्निग्ध आणि कर्बोदकांसाठी ४, ९, ४ कॅलरी असे गुणक असतात. मांजर-कुत्र्यांच्या तयार खाद्यासाठी ३.५, ८.५, ३.५ धरतात. त्याप्रमाणे पहिल्या खाद्यात कर्बोदकांचा वाटा ३५ टक्के येतो, दुसऱ्यात ७ आणि तिसऱ्यात चक्क २८ टक्के. रस्सा दाट करायला घातलेले पिष्ट पाण्याआड लपले होते. मधुमेही मांजरासाठी हा वाटा साधारण १२ टक्क्यांच्या आत असावा, अशी शिफारस पशुवैद्यक करतात. ‘धान्यविरहित’ असे छापलेले असले तरी ही वजाबाकी करावीच, कारण धान्याच्या जागी बटाटा किंवा वाटाणा असू शकतो.

आलेल्या उत्तरावर तरी किती विसंबावे? डब्यावर प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ ‘किमान’ म्हणून, तर तंतू आणि ओलावा ‘कमाल’ म्हणून दिलेले असतात. राख अनेकदा दिलेलीच नसते. किमान आणि कमाल यांच्या वजाबाकीतून अचूक उत्तर कसे यावे? उत्पादकाकडून प्रत्यक्ष पृथक्करणाचे सरासरी आकडे मागवणे हाच खात्रीचा मार्ग. आणि प्रथिनांचा आकडाच खोटा असेल तर? मार्च २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत मेनू फूड्स या कंपनीला सुमारे ६ कोटी डबे आणि पाकिटे बाजारातून परत घ्यावी लागली. खाद्यात वापरलेल्या, चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेले होते. मेलामाइनमध्ये वजनाने ६६ टक्क्यांहून अधिक नायट्रोजन असतो. क्येल्डालच्या पद्धतीने ते प्रथिन म्हणून मोजले गेले. त्याचे सायन्युरिक आम्लाबरोबर खडे बनून कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली. पुढच्याच वर्षी चीनमध्ये मेलामाइन दुधाच्या भुकटीत सापडले. सुमारे ३ लाख बालके आजारी पडली आणि सहा दगावली. मांजरांच्या मृत्यूंतून मिळालेला इशारा त्या बालकांना वाचवण्याइतका दूरवर का पोहोचला नाही, हा प्रश्न मला अजूनही छळतो.

डब्यांचा एवढा घोळ नको म्हणून घरी नुसते मांस शिजवून घालावे, असे काहींना वाटते. त्यात कर्बोदके नसतात हे खरे, पण कॅल्शियमही अगदी थोडे असते आणि काही महिन्यांत हाडे ठिसूळ होतात. चवीसाठी कांदा-लसूण घातले तर तांबड्या रक्तपेशी फुटतात. मूत्रपिंडे दुबळी झालेल्या मांजराला जास्त फॉस्फरसचे मांसल खाद्य सोसत नाही. नवे खाद्य आठवडाभर जुन्यात थोडे थोडे मिसळत आणावे. मांजराने रुसून दोन-तीन दिवस काही खाल्लेच नाही, तर यकृतात चरबी साचून ते जिवावर बेतू शकते.

सर्वांत मोठा धोका मात्र आहार लागू पडण्यातच आहे. कर्बोदके एकदम कमी केली आणि इन्शुलिनची मात्रा तीच ठेवली, तर काही दिवसांतच रक्तातील ग्लुकोज घातक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून खाद्य बदलण्याआधी पशुवैद्याशी बोलून मात्रा ठरवावी आणि त्या काळात ग्लुकोज वरचेवर तपासावे. मांजर अशक्त दिसू लागले, झोकांड्या खाऊ लागले किंवा त्याला झटके आले, तर ज्या साखरेपासून त्याला इतके दिवस जपले, तिचाच पाक किंवा मध त्याच्या हिरड्यांना चोळायचा आणि तसेच त्याला घेऊन दवाखाना गाठायचा.