रॅकेट पिशवीतच राहू दे

टेनिसचं दुखणं टेनिसच्या पाठोपाठच जन्माला आलं. मेजर विंगफिल्ड यांनी लॉन टेनिसचं पेटंट घेतलं १८७४ साली. विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली १८७७ साली. आणि १८८३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ‘लॉन टेनिस एल्बो’ हे नाव छापून आलंसुद्धा! खेळ नऊ वर्षांचा होतोय न होतोय तोच कोपरं दुखायला लागली होती.

ही कोपरं कोणाची होती? बंगल्यामागच्या हिरवळीवर जाळी बांधून खेळणाऱ्या साहेबलोकांची. एरवी खुर्चीत बसायचं आणि सवड मिळाली की एकदम जोरात सर्व्हिस मारायची, हा प्रकार आपण आयटीवाल्यांनी शोधलेला नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आज ‘हौशी खेळाडू’ म्हटलं की सोसायटीच्या कोर्टवर रविवारी सकाळी दिसणारे काका डोळ्यांपुढे येतात. पण १९६८ सालापर्यंत विम्बल्डन खेळायलाच फक्त हौशी खेळाडूंना परवानगी होती. खेळून पैसे घेतले की तुम्ही बाद. त्यामुळे टेनिसमध्ये ट्रेनर कसा आला, ही गोष्ट बऱ्याच अंशी हौशी खेळाडूंचीच आहे.

आणि तो सहजासहजी आला नाही. इंग्लंडमधल्या उच्चभ्रू वर्गाची समजूत अशी की, सभ्य माणसानं सहज म्हणून खेळावं आणि सहज जिंकावं. आधी घाम गाळून तयारी करणं म्हणजे जरा हावरटपणाच. क्लबांत पगारी शिक्षक असत, पण त्यांचं स्थान सभासदांच्या खालचं. कोल्हापूरच्या तालमीत कोणी असं बोलला असता तर लोक हसले असते. तिथे वस्तादाशिवाय पैलवान ही कल्पनाच नाही.

फ्रान्समध्ये सुझान लांग्लेनच्या वडिलांनी हा संकोच झुगारला. शार्ल लांग्लेन स्वतः काही नावाजलेले खेळाडू नव्हते. ते कोर्टवर रुमाल टाकायचे आणि मुलीनं चेंडू नेमका त्यावर मारायचा. १९१९च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात सुझाननं डोरोथिया लँबर्ट चेंबर्सला १०-८, ४-६, ९-७ असं हरवलं. मुलगी थकली की वडील प्रेक्षकांतून कोन्याकमध्ये भिजवलेले साखरेचे खडे तिच्याकडे टाकत होते. त्या काळचं एनर्जी जेल! आजच्या ट्रेनरनं असं काही दिलं तर आधी त्यालाच बदला.

पण मला खरा रस आहे तो फ्रेड पेरीमध्ये. पेरी म्हणजे कामगारवर्गातून वर येऊन मजूर आणि सहकारी चळवळीच्या बाजूनं खासदार झालेल्या माणसाचा मुलगा. आधी टेबल टेनिसचा जगज्जेता, १९२९ साली. विम्बल्डनच्या क्लबात तो कायम थोडा उपराच. १९३४ साली त्यानं जॅक क्रॉफर्डला ६-३, ६-०, ७-५ असं हरवून विजेतेपद मिळवलं. तो आत आंघोळ करत असताना बाहेर क्लबाचा एक पदाधिकारी क्रॉफर्डला सांगत होता की, आज चांगला खेळाडू जिंकला नाही. पेरीनं ते ऐकलं, आणि ते त्याला जन्मभर बोचलं.

‘सहज जिंकणं’ हा ज्यांचा वारसा होता त्यांना तयारीची लाज वाटत असेल. पेरीला ती वाटायचं कारण नव्हतं. तो थेट फुटबॉलवाल्यांकडे गेला. लंडनचा आर्सेनल तेव्हा इंग्लंडमधला सगळ्यात बलाढ्य संघ. त्या खेळाडूंबरोबर पेरी व्यायाम करायचा. आर्सेनलचा ट्रेनर होता टॉम व्हिटेकर. हा स्वतः फुटबॉलपटू होता, पण १९२५ साली ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात गुडघा फुटला आणि खेळ संपला. मग त्यानं शरीर दुरुस्त करण्याचं शास्त्रच शिकून घेतलं आणि १९२७ मध्ये आर्सेनलचा ट्रेनर झाला. विजेच्या उपकरणांनी स्नायूंवर उपचार करणारी त्याची खोली त्या काळी नवलाची होती. आपलं शरीर एकदा मोडलेलं असलं की दुसऱ्याच्या शरीराकडे वेगळ्या नजरेनं पाहता येत असावं, असं मला वाटतं.

पेरी पुढे सलग तीनदा विम्बल्डन जिंकला. आता १९३६चा अंतिम सामना बघा. समोर जर्मनीचा गॉटफ्रिड फॉन क्राम. सामन्याआधी पेरीला मालिश करणाऱ्याकडून समजलं की, क्रामच्या जांघेचा स्नायू दुखावलाय, फोरहँडच्या बाजूला लांब पळताना त्याला त्रास होतोय. पेरीनं काय केलं असेल ते सांगायला नको. ६-१, ६-१, ६-०, पाऊण तासाच्या आत खेळ खल्लास. (आमच्याकडे याला डेटा लीक म्हणतात.) त्यानंतर ब्रिटिश पुरुषाला विम्बल्डनचं एकेरीचं विजेतेपद मिळायला २०१३ साल उजाडलं.

युद्धानंतर ऑस्ट्रेलियानं याची पद्धतच बनवली. हॅरी हॉपमन हा डेव्हिस कप संघाचा कर्णधार आपल्या पोरांना पळवून पळवून दमवायचा. मेलबर्नमध्ये स्टॅन निकोल्स मार्गारेट स्मिथकडून, म्हणजे पुढच्या मार्गारेट कोर्टकडून, वजनं उचलून घ्यायचा. बाईनं वजनं उचलावीत हे तेव्हा भल्याभल्यांना पटत नव्हतं. तिनं एकेरीची २४ ग्रँड स्लॅम विजेतेपदं मिळवली, त्यातली पहिली तेरा हौशी खेळाडू म्हणून.

व्यावसायिक जमान्यातलं एकच उदाहरण घेतो, कारण ते आपल्या कामाचं आहे. १९८९च्या अखेरीस आंद्रे आगासी गिल रेयेसकडे गेला. रेयेस लास व्हेगासच्या विद्यापीठात खेळाडूंची ताकद वाढवण्याचं काम करायचा. टेनिस हा काही त्याचा प्रांत नव्हता, आणि तोच फायदा ठरला. आगासी मैलोन्‌मैल पळत होता. रेयेसनं विचारलं, कशासाठी? टेनिसमध्ये सरळ रेषेत मैलभर पळतो कोण? बहुतेक गुण दहा सेकंदांच्या आत संपतात. पळायचं, थांबायचं, वळायचं, पुन्हा पळायचं. मग सरावही तसाच हवा. आगासी बत्तिसाव्या वर्षी, २००३ मध्ये, ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला. मुलाचं नाव त्यानं ठेवलं जेडन गिल.

रेयेसचा तो प्रश्न हौशी खेळाडूला तर आणखी लागू आहे, कारण आपल्याकडे वेळ थोडा आणि चुकीचा व्यायाम करायची हौस दांडगी. मीसुद्धा ट्रेडमिलवर तासभर पळणारे आणि मग कोर्टवर तिसऱ्या गेमला कंबर धरणारे मित्र बघतो. कोच तुमचा फोरहँड बघतो. ट्रेनर बघतो की वळताना तुमचा गुडघा आत झुकतोय, एकाच हातानं मारून मारून उजवा खांदा पुढे आलाय, आणि सर्व्हिसची ताकद पायांतून व कमरेतून यायची ती सगळी तुम्ही मनगटातून काढताय. फोनमधलं अ‍ॅप पावलं मोजतं, पण यातलं त्याला बहुधा काहीच दिसत नाही. शिवाय ‘आज खेळू नकोस’ हे अ‍ॅपनं सांगितलं तर आपण नोटिफिकेशन बाजूला सारतो. समोर उभ्या माणसाला तसं सारता येत नाही.

पैशांचं म्हणाल तर रोज ट्रेनर लागत नाही. दोघा-तिघांनी मिळून लावला तरी चालतो. महिन्यातून दोनदा येऊन व्यायाम तपासून, बदलून गेला तरी पुष्कळ. नवी, महागडी रॅकेट घेण्याआधी हा हिशेब जरूर करून बघा.

मात्र एक तयारी ठेवा. चांगला ट्रेनर आधी विचारेल की तुम्ही दिवसाचे किती तास बसता, झोप किती, आधी कुठे दुखापत झाली होती. टेनिस एल्बो झालेल्यांपैकी बहुतेकांनी टेनिस खेळलेलंच नसतं, हेही त्याला ठाऊक असतं. म्हणून तुमच्या बॅकहँडआधी तो तुमचं टेबल, माऊस आणि खुर्ची यांची चौकशी करेल. पहिले काही दिवस रबरी पट्टा ओढायला लावेल, एका पायावर उभं करेल, हळूहळू उठाबशा काढून घेईल. रॅकेट पिशवीतच राहू दे, म्हणेल.