खोक्यांतील प्रकाशाची परीक्षा

चित्र खरें वाटतें, एवढ्यानें तें खरें ठरत नाहीं. संगणकानें रेखाटलेल्या चित्रांच्या इतिहासांत हा भेद कसोटीस लावण्याचें मोठें श्रेय अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठास आहे. १९८४ सालीं तेथील गोरल, टॉरन्स, ग्रीनबर्ग व बॅटेल यांनीं, तप्त पृष्ठांमधील उष्णतेच्या देवघेवीचें गणित प्रकाशास लाविलें. तांबड्या भिंतीवरून परतलेला प्रकाश शेजारच्या पांढऱ्या भिंतीस आपली छटा देतो, ही नित्याची गोष्ट त्यामुळें चित्रांत उतरली. पण गणित बरोबर कशावरून? १९८६ सालीं मेयर, रश्मायर, कोहेन, ग्रीनबर्ग व टॉरन्स यांनीं खरेंखुरें खोकें बांधून त्यांतील प्रकाश मोजला व गणिताशीं ताडून पाहिला. मग तें खोकें व त्याचें संगणकीय चित्र प्रेक्षकांस शेजारीं शेजारीं दाखवून, खरें कोणतें, असें विचारिलें. उत्तरें निव्वळ अंदाजाहून सरस ठरलीं नाहींत!

तथापि या प्रयोगाचें मोठेपण त्या चकव्यांत नाहीं. डोळ्यांच्या साक्षीवर न विसंबतां मापनयंत्राचीहि साक्ष काढली, यांत आहे. आज इमारत उभी राहण्यापूर्वींच तिच्यांतील उजेड संगणकावर अजमावितात. तेथें मनोहर असत्य काय कामाचें?