घाटावरच्या व्याख्यानाचं कूळ

मे महिना लागला की नाशकात गोदाघाटावर रोज संध्याकाळी व्याख्यान असतं. देव मामलेदार यशवंतराव महाराजांच्या पटांगणावर व्यासपीठ मांडतात, माइक लागतो आणि महिनाभर वसंत व्याख्यानमालेची पुष्पं गुंफली जातात. दिवसभर तापलेला घाटाचा दगड दिवेलागणीलाही बसल्या जागी कढत लागतो. तिकीट नाही, पास नाही, नाव नोंदवायचं नाही. निवृत्त मास्तर आधीपासून जागा धरून असतात. रामकुंडावर आलेला यात्रेकरू, भाजीची पिशवी घेऊन घरी निघालेली बाई, ज्याला वाटेल तो टेकतो आणि वाटेल तेव्हा उठून जातो. ज्यांच्या नावाचं हे पटांगण, ते बागलाणचे मामलेदार यशवंत महादेव भोसेकर. दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी उघडणारा हा अधिकारी १८८७ साली नाशकातच गेला. विनामूल्य व्याख्यानाला याहून चांगली जागा सापडली नसती.

नाशिकच्या मालेनं शंभरी ओलांडली आहे, पण महाराष्ट्रभरच्या वसंत व्याख्यानमालांचं मूळ पुण्यात आहे. १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी तिथली माला सुरू केली आणि वक्तृत्वोत्तेजक सभेनं आजवर चालवली. वसंतच का, याचं कारण व्यवहारातलं आहे. कोर्टांना आणि कॉलेजांना सुट्टी, म्हणून वकील, न्यायाधीश, प्राध्यापक मोकळे. आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी घरात बसवत नाही, म्हणून श्रोतेही मोकळे. हे रानडे मूळचे नाशिक जिल्ह्यातले, १८ जानेवारी १८४२ चा निफाडचा जन्म. तेव्हा नाशिकनं ही माला पुण्याकडून उचलली असं म्हणताना ती नाशिकच्याच माणसाची होती, हेही सांगायला हवं.

पण कुळाचा खरा पेच आहे तो विद्यापीठाचा. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. १८६२ साली त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यांत रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. हे विद्यापीठ लंडनच्या धर्तीवरचं. ते परीक्षा घ्यायचं, पदव्या द्यायचं, पण शिकवत नसे. शिकवायचं ते एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांनी. म्हणजे ज्या संस्थेनं सर्वांसाठी व्याख्यानं ठेवावीत अशी आपण आज अपेक्षा धरतो, तिच्याकडे विद्यार्थ्यांपुरतंसुद्धा स्वतःचं व्याख्यान नव्हतं. मला या कुळकथेतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. आपल्याकडे मोफत जाहीर व्याख्यान विद्यापीठानं सुरू केलं नाही. ते विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेल्यांनी, विद्यापीठाबाहेर, गावाच्या मदतीनं उभं केलं.

त्याला आधीचं बळही होतं. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली सभा काढली होती. तिच्या मराठी शाखेत, ज्ञानप्रसारक सभेत, विज्ञानापासून समाजरीतीपर्यंतच्या विषयांवर मराठीतून निबंध वाचले जात. नाशकातही १८४० पासून वाचनालय होतं, तेच आजचं सार्वजनिक वाचनालय. आणि या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून देवळाच्या सभामंडपात कीर्तन होतं. पूर्वरंगात विषयाची मांडणी, उत्तररंगात आख्यान, समोर अठरापगड गाव. दोन-दोन तास मांडी घालून ऐकायची सवय आपल्या श्रोत्याला बुवांनी लावली. रानड्यांच्या पिढीला श्रोते घडवावे लागले नाहीत. ते तयार होते.

साधारण त्याच सुमाराला विलायतेत दुसरी शाखा फुटत होती. जेम्स स्टुअर्ट नावाच्या केंब्रिजच्या तरुण शिक्षकानं १८६७ साली उत्तर इंग्लंडच्या शहरांत स्त्रियांपुढे व्याख्यानं दिली. तरुण पुरुषानं तरुण मुलींशी तोंडी सवालजवाब करणं तेव्हा अशोभनीय समजलं जाई, म्हणून त्यानं प्रश्न लिहून दिले आणि उत्तरं लिहून मागवली. मग रॉचडेलला कामगारांपुढे बोलताना एकदा घाईत असल्यामुळे त्यानं आपल्या आकृत्या सभागृहातच टांगलेल्या ठेवल्या. पुढच्या आठवड्यात येतो तर कामगार त्या आकृत्यांवर आपापसांत चर्चा करून, प्रश्न काढून बसलेले! तेव्हापासून व्याख्यानाला जोडून चर्चेचा वर्ग आला. १८७३ साली केंब्रिज विद्यापीठानं ही पद्धत अधिकृतपणे स्वीकारली. फुकट व्याख्यान याहून जुनं आहे, लंडनच्या ग्रेशम कॉलेजात ते १५९७ पासून चालू आहे. पण विद्यापीठानं उठून लोकांच्या गावी जायचं, ही पद्धत स्टुअर्टची.

इकडे रानडे १८७८ साली बदली होऊन नाशकात आले. पुण्याच्या सार्वजनिक सभेतल्या कामामुळे सरकारच्या डोळ्यांत खुपणाऱ्या या माणसाला पुण्याबाहेर ठेवायचं होतं. नाशकातल्या या मुक्कामाचं मला विशेष अप्रूप आहे ते त्यांच्या पत्नी रमाबाईंमुळे. त्यांनी लोकांपुढे पहिलं भाषण केलं ते नाशिकच्या हायस्कुलात. भाषण रानड्यांनी लिहून दिलं होतं. सोळा-सतरा वर्षांची मुलगी हातात कागद घेऊन भर सभेत उभी राहते, हे तेव्हाच्या नाशकानं पाहिलं. पुढे त्याच रमाबाई पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या.

नाशकात कला शाखेचं कॉलेज यायला १९२४ साल उजाडलं, तेच हं. प्रा. ठाकरसी महाविद्यालय. पुणे विद्यापीठ आलं १९४९ साली. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर पहिले कुलगुरू, आणि कार्यक्षेत्र नाशिकसह बारा जिल्ह्यांचं. या विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाची व्याख्यानमाला जयकरांच्याच नावानं चालते. आज पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत ती होते. तालुक्याच्या कॉलेजात बहुधा तीन दिवस, तीन वक्ते, तीन विषय. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्राचार्यांचं प्रास्ताविक. स्टुअर्टची शाखा रानड्यांच्या जिल्ह्यात पोचली ती अशी.

स्टुअर्टच्या लेखी प्रश्नोत्तरांची मुळीही इथवर आली आहे. पत्रानं शिकवण्याच्या पद्धतीच्या पूर्वजांत ती प्रश्नोत्तरं मोजली जातात, आणि शिक्षक समोर नसताना शिकवणारं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशकात, गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद.

रानड्यांची आणि स्टुअर्टची, अशा व्याख्यानाच्या दोन्ही शाखा एका जिल्ह्यात नांदतात, पण एकमेकींच्या घरी फारशा जात नाहीत, याची खंत वाटते. जयकर व्याख्यानमाला बहुतेक वेळा दुपारी, तास बुडवून भरते. समोर प्राध्यापकांनी आणून बसवलेले विद्यार्थी असतात, आणि फाटकाबाहेरच्या गावाला आत व्याख्यान चालू असल्याची वार्ताही नसते. ज्याला मनात येईल तेव्हा उठून जाता येतं, असा श्रोता घाटावर आहे. वक्त्याला त्याला धरून ठेवावं लागतं. उलट घाटावर रोज नवा वक्ता आणि नवा विषय, त्यामुळे एकच विषय तीन-चार संध्याकाळी लावून धरणं, मधल्या दिवसात श्रोत्यांनी प्रश्न काढणं, त्यांची उत्तरं दुसऱ्या दिवशी मिळणं, हे तिथं होत नाही. ते विद्यापीठाला जमण्यासारखं आहे. त्याच्याकडे विषयांचे जाणकार आहेत. निफाड, सिन्नर, सटाणा या गावांत जयकर व्याख्यानमाला संध्याकाळी साडेसातला, देवळाच्या किंवा बाजारपेठेच्या चौकात, एकाच वक्त्याची सलग तीन दिवस ठेवावी. पहिल्या दिवशीच्या आकृत्या तिथंच टांगून ठेवाव्यात, आणि तिसऱ्या दिवसाचा अर्धा वेळ गावानं विचारलेल्या प्रश्नांना द्यावा.