व्हिक्टोरिया पार्कमधला रविवार, आणि त्यानंतरचा गुरुवार

ऐकायला वेळ मिळाला नाही म्हणून वाचायला आलात, तरी स्वागत आहे. फक्त एक सांगते, आजचा भाग गाण्यांबद्दल आहे, तेव्हा जमलं तर इयरफोन जवळ ठेवा.

गिटार शिकायला लागलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी एरिक क्लॅप्टन वाजवायचा प्रयत्न केलेला असतो. मीही केलाय. त्यामुळे ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मला चक्क फसवल्यासारखं वाटलं.

५ ऑगस्ट १९७६. बर्मिंगहॅममधलं ओडियन. क्लॅप्टन दारू पिऊन स्टेजवर आला आणि लोकांना सांगू लागला, की परदेशी लोकांना देशाबाहेर काढा, इनॉक पॉवेलला पाठिंबा द्या. पॉवेल म्हणजे कोण? तर १९६८ साली याच शहरात स्थलांतरितांविरुद्ध जहरी भाषण करणारा, हुजूर पक्षाचा तेव्हाचा खासदार. 'रक्ताच्या नद्या' या नावाने ते भाषण आजही ओळखलं जातं.

आता गंमत बघा. क्लॅप्टन वाजवायचा ब्लूज, म्हणजे काळ्या माणसांनी घडवलेलं संगीत. दोनच वर्षांपूर्वी त्याचं जे गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, ते 'आय शॉट द शेरीफ' मुळात बॉब मार्लीचं. आणि हा माणूस म्हणतोय, यांना बाहेर काढा! (खूप वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याने याची लाज वाटते असं सांगितलं. असो.)

हे सगळं नुसतं बडबडीपुरतं नव्हतं. त्याच्या दोनच महिने आधी, ४ जून १९७६ ला, लंडनच्या साऊथॉल भागात गुरदीप सिंग चग्गर या १८ वर्षांच्या मुलाला भोसकून मारलं होतं. नॅशनल फ्रंट नावाचा उघड वंशद्वेषी पक्ष वाढत होता. १९७७ च्या लंडन महानगराच्या निवडणुकीत या पक्षाला एक लाखाहून जास्त मतं पडली. म्हणजे शेजारच्या घरात, बसमध्ये, कारखान्यात कोणीतरी त्यांना मत देणारं होतंच.

तर रेड साँडर्स नावाचा फोटोग्राफर आणि त्याचा मित्र रॉजर हडल यांनी मिळून क्लॅप्टनला झापणारं एक पत्र लिहिलं आणि संगीताच्या साप्ताहिकांना पाठवून दिलं. तुझं अर्धं संगीत काळ्यांचं आहे, हे त्यात होतं, आणि त्या शेरीफच्या गाण्यावरून टोमणाही. शेवटी आवाहन होतं, की आपण वंशद्वेषाविरुद्ध एक चळवळ उभी करू, ज्यांना यायचंय त्यांनी पत्र लिहा. पत्रांचा ढीग आला. तिथून सुरू झालं 'रॉक अगेन्स्ट रेसिझम'. पहिला कार्यक्रम नोव्हेंबर १९७६ मध्ये, पूर्व लंडनमधल्या प्रिन्सेस ॲलिस नावाच्या पबमध्ये.

साँडर्स तिशीतला होता, म्हणजे अगदी कॉलेजातलं पोर नव्हे. पण चळवळ पसरली ती पोरांमुळे. गावोगावच्या मुलामुलींनी आपापले गट काढले, हॉल बुक केले, पोस्टर चिकटवले. 'टेम्पररी होर्डिंग' नावाचं त्यांचं नियतकालिक होतं, कात्री-गोंदाने जुळवलेलं, मोठमोठ्या अक्षरांचं. आणि कार्यक्रमाची एक साधी पद्धत होती, जी मला फार हुशारीची वाटते. एकाच स्टेजवर एक गोरा पंक बँड आणि एक काळा रेगे बँड, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून वाजवायचं. भाषण कमी. पंक ऐकायला आलेल्या पोराला रेगे ऐकावंच लागायचं, आणि बाजूला कोण नाचतंय तेही दिसायचं. ज्या वयाच्या पोरांना नॅशनल फ्रंट गळाला लावत होता, नेमकी तीच पोरं इथे येत होती.

मग आला ३० एप्रिल १९७८, रविवार. अँटी-नाझी लीग या संघटनेबरोबर मिळून मोठा कार्निव्हल ठरला. ट्राफल्गर स्क्वेअरपासून पूर्व लंडनमधल्या व्हिक्टोरिया पार्कपर्यंत मोर्चा, आणि तिथे फुकट कॉन्सर्ट. आपल्याकडे मोर्चात शाहीर असतो ना, तसंच काहीसं, फक्त इथे ट्रकवर बँड. मोर्चात हिटलरचे आणि नॅशनल फ्रंटच्या नेत्यांचे कागदाच्या लगद्याचे अवाढव्य मुखवटे होते. ते बनवणाऱ्या पीटर फ्लक आणि रॉजर लॉ यांनी पुढे 'स्पिटिंग इमेज' हा बाहुल्यांचा टीव्ही कार्यक्रम केला. गर्दी किती? ऐंशी हजार ते एक लाख, असे अंदाज आहेत.

स्टेजवर द क्लॅश. त्यांचं 'व्हाइट रायट' हे गाणं नुसत्या नावावरून भलतंच वाटतं. ते सुचलं होतं १९७६ च्या नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये काळे तरुण पोलिसांना भिडले ते पाहून. रोख असा, की ते लढतायत, मग आम्ही गोरी पोरं गप्प का? तरी काही जणांनी ते उलटं ऐकलं. म्हणून हे गाणं या स्टेजवर वाजणं महत्त्वाचं होतं. एक्स-रे स्पेक्सची पॉली स्टायरीन होती, सोमाली बाप आणि गोरी आई असलेली, दातांना तारा लावून गाणारी मुलगी. स्टील पल्स हा बर्मिंगहॅमचा रेगे बँड होता. आणि टॉम रॉबिन्सन, जो आपण समलिंगी आहोत हे गाण्यातून उघड सांगायचा. १९७८ मध्ये, एवढ्या लोकांसमोर.

इथेच थांबले तर भाग छान गोड होईल. पण चारच दिवसांनी, गुरुवारी, ४ मे ला, स्थानिक निवडणुकांच्या दिवशी, त्याच पूर्व लंडनमध्ये अल्ताब अली हा तरुण बांगलादेशी कामगार कपड्यांच्या कारखान्यातून घरी निघाला होता. व्हाइटचॅपलच्या ॲडलर स्ट्रीटवर तीन किशोरवयीन मुलांनी त्याला भोसकलं. तो वाचला नाही.

मारणारी पोरं त्याच वयाची होती, जे वय पार्कात नाचत होतं. यावर मी बराच विचार केला. आणि आणखी एक गोष्ट टोचते. त्या दिवशीच्या पोस्टरवरच्या मोठ्या नावांमध्ये एकही आशियाई बँड नव्हता, आणि पूर्व लंडनमध्ये मार खात होते ते मुख्यतः बंगाली. पंक आणि रेगेची दोस्ती झाली, बंगाली पोरगा मात्र प्रेक्षकातही फारसा दिसला नाही, ही टीका पुढे अनेकांनी केली आणि मला ती पटते.

पण ही पोरंही कोणाची वाट बघत बसली नव्हती. १४ मे ला अल्ताब अलीच्या शवपेटीमागे सुमारे सात हजार माणसं पावसात डाउनिंग स्ट्रीटकडे चालत गेली. ब्रिक लेनच्या ज्या कोपऱ्यावर दर रविवारी नॅशनल फ्रंट आपली पत्रकं विकायचा, ती जागा बंगाली तरुणांनी स्वतः जाऊन अडवायला सुरुवात केली.

१९७९ च्या निवडणुकीत नॅशनल फ्रंटने ३०३ उमेदवार उभे केले आणि एकही निवडून आला नाही. हे गाण्यांमुळे झालं का? काही प्रमाणात, असं मला वाटतं. पण त्याच सुमारास मार्गारेट थॅचर यांनी स्थलांतरावर इतकी कडक भाषा वापरली होती की बरीच मतं तिकडे वळली. दोन्ही खरं आहे.

ॲडलर स्ट्रीटलगतच्या बागेचं नाव १९९८ पासून अल्ताब अली पार्क आहे. तिथे ढाक्याच्या शहीद मिनारची छोटी प्रतिकृती उभी आहे. कधी लंडनला गेलात तर आल्डगेट ईस्ट स्टेशनवरून चालत दोन-चार मिनिटं.

पुढच्या भागात साऊथॉल, २३ एप्रिल १९७९, आणि ब्लेअर पीच नावाचा एक शिक्षक. तोवर स्टील पल्स ऐका.