शेजारणीला दाखवायचं घर

नवा बंगला बांधला की तो पहिल्यांदा दाखवायचा शेजारणीला. झाक तातीच्या 1958 सालच्या ‘मों ओंक्ल’ (माझा मामा) या फ्रेंच चित्रपटातल्या आर्पेलबाई हेच करतात. फाटकाची घंटा वाजली की त्या आधी बटण दाबतात, मग दार उघडतात. बागेतला धातूचा मासा तोंडातून कारंजं उडवू लागतो. पाहुणा मातबर असेल तरच हं! सख्खा भाऊ युलो आलाय असं दिसलं की पाणी बंद. वरच्या मजल्यावर दोन गोल खिडक्या. रात्री नवरा-बायको तिथून डोकावले की घरच डोळे फिरवतंय असं वाटतं.

या घराचं कुळ तसं सटरफटरच. तातीचा चित्रकार मित्र झाक लाग्रांज याने वास्तुकलेच्या मासिकांवर कात्री चालवली आणि तऱ्हेतऱ्हेच्या आधुनिक घरांचे तुकडे जोडून ते रचलं. नीसच्या व्हिक्टोरीन स्टुडिओत त्याचा सेट उभा राहिला आणि चित्रीकरण आटोपल्यावर पाडलाही गेला. चित्रपटाला कानमध्ये विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला, पुढे 1959 साली ऑस्करही.

घर पाहून हरखणारी शेजारीण मात्र फ्रान्सची मिरास नव्हे; ती संत नामदेवांच्या पदातही भेटते. हिंगोली जिल्ह्यातलं कयाधूकाठचं नरसी हे परंपरेने नामदेवांचं जन्मगाव. तिथे मंदिर आहे तसा गुरुद्वाराही आहे, कारण नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. त्यांतल्या सोरठ रागातल्या एका पदात शेजारीण त्यांना विचारते, तुमची झोपडी शाकारली कुणी? त्या सुताराचा पत्ता द्या, मी दुप्पट मजुरी देईन. नामदेव सांगतात, हा सुतार मजुरीत प्रेमच मागतो, आणि गणगोताचा पाश तोडणाऱ्याकडे आपणहून येतो. बाईचा सौदा तिथेच फिसकटला असणार. जातीचे शिंपी असलेल्या नामदेवांनी इथे भक्तीच्या पदात शेजारधर्माला चांगलाच चिमटा काढलाय. त्यांचा आणि तातीचा धागा जोडायचा अट्टहास नाही, पण दुप्पट पैसे मोजायला निघालेली ती बाई आर्पेलबाईंच्या चहाला अगदी शोभली असती.

आर्पेल बंगल्याचा वंश खुंटला नाही. 2009 मध्ये पॅरिसला त्याची पूर्णाकृती प्रतिकृती उभारली गेली. 2014 च्या व्हेनिस वास्तुकला बिएनालेत फ्रान्सच्या दालनात त्याचं मॉडेल मांडलं होतं. आधुनिक वास्तुकलेची टर उडवायला बांधलेलं घर वास्तुविशारदांनीच मानाने मांडलं.