फक्त भारतात विक्रीसाठी

परवा शनिवारी पुस्तकांचं कपाट आवरायला काढलं. (दर दोन वर्षांनी काढतो आणि दर दोन वर्षांनी अर्ध्यात सोडतो.) तळाच्या खणात इंजिनिअरिंगची पुस्तकं निघाली. पिवळा पडलेला पातळ कागद, कृष्णधवल आकृत्या, आणि मागच्या कव्हरवर बारीक अक्षरात एक सूचना. मतलब असा, की ही आवृत्ती फक्त भारत आणि आजूबाजूच्या देशांत विकण्यासाठी आहे, बाहेर नेऊ नये.

चार वर्षं ती पुस्तकं उशाशी घेऊन झोपलो, पण ती सूचना कधी वाचली नव्हती. आमच्या बॅचची जी मंडळी एमएस करायला अमेरिकेला गेली, त्यांनीही वाचली नसावी. विमानात दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. एकीत कपडे, कुकर आणि मेतकूट, दुसरीत आप्पा बळवंत चौकातून आणलेली पुस्तकं. तिकडे तेच पुस्तक कितीतरी पट महाग, म्हणून सिनियर्सचा पहिला सल्ला हाच असायचा. त्यातले काही हुशार लोक सेमिस्टर संपलं की तीच पुस्तकं तिथे ऑनलाइन विकायचे आणि वर चार पैसे सुटायचे.

आता गंमत बघा. नेमका हाच उद्योग एका विद्यार्थ्याने जरा मोठ्या प्रमाणावर केला आणि प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. एकदा नाही, दोनदा! विकत घेतलेली वस्तू आपली असते म्हणजे नक्की काय, हा प्रश्न मला त्या खटल्यामुळे पहिल्यांदा नीट पडला. म्हणून हा उपद्व्याप.

स्वस्तात उचलायचं आणि महागात विकायचं हा धंदा काही इंटरनेटने शोधून काढलेला नाही. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार त्याच्यावरच चालतो. पण तिथे गिऱ्हाईक चालत येईल तेवढंच. १९९५च्या सप्टेंबरमध्ये पिअर ओमिड्यार नावाच्या प्रोग्रॅमरने एक लिलावाची साइट सुरू केली, तीच पुढे ईबे झाली. तिथे सुरुवातीला विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. मोडक्या वस्तूलाही जगाच्या पाठीवर कुठेतरी गिऱ्हाईक असतं, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

पुस्तकं तर या धंद्यासाठी जणू बनवलेलीच होती. जुन्या खुर्चीचं वर्णन करताना चार परिच्छेद लागतात. पुस्तकाला आयएसबीएन असतो. (२००७पर्यंत तो १० आकडी होता, नंतर १३ आकडी झाला.) आकडा टाकला की कुठलं पुस्तक, कुठली आवृत्ती, दुसरे लोक कितीला विकताहेत, सगळं समोर. आपल्या भाषेत सांगायचं तर वस्तूला प्रायमरी की मिळाली!

तर आपला नायक. सुपाप कीर्तसेंग हा थायलंडचा मुलगा १९९७ साली सरकारी शिष्यवृत्तीवर कॉर्नेल विद्यापीठात गणित शिकायला आला. पुढे सदर्न कॅलिफोर्नियात पीएचडी. त्याच्या लक्षात आलं की इथे जी इंग्रजी पाठ्यपुस्तकं महाग आहेत, तीच थायलंडच्या दुकानांत स्वस्त मिळतात. घरच्यांना आणि मित्रांना सांगितलं, घ्या आणि पाठवा. ती पुस्तकं तो ईबेवर विकायचा, घरच्यांचे पैसे परत करायचा आणि उरलेला नफा स्वतःकडे ठेवायचा. चोरी नाही, झेरॉक्स नाही. प्रत्येक प्रत प्रकाशकानेच छापलेली आणि दुकानात पूर्ण पैसे मोजून घेतलेली.

बरं, गडी बेसावधही नव्हता. हे कायद्यात बसतं का, हे त्याने थायलंडमधल्या मित्रांना विचारलं होतं आणि 'गूगल आन्सर्स'वरही शोधलं होतं. (गंमत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात हे लिहिलंय.)

२००८मध्ये जॉन वायली या प्रकाशन कंपनीने त्याच्यावर दावा ठोकला. ज्यूरीने त्याला आठ पुस्तकांच्या बाबतीत दोषी धरलं आणि दर पुस्तकामागे ७५,००० डॉलर, म्हणजे एकूण ६ लाख डॉलर भरपाई लावली. २०११मध्ये अपिलातही तो हरला. विद्यार्थ्याला ६ लाख डॉलर! आपल्याकडे असं झालं असतं तर आईवडिलांनी घर विकायला काढलं असतं.

प्रकाशकाचा मुद्दा समजायला १०० वर्षं मागे जावं लागतं. १९०४ साली 'द कास्टअवे' नावाच्या कादंबरीत प्रकाशक बॉब्स-मेरिलने छापलं होतं की किंमत १ डॉलर, याहून कमीत विकणाऱ्याला परवानगी नाही, विकलं तर कॉपीराइटचा भंग समजू. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती खुशाल ८९ सेंटला विकली. १९०८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. पहिल्या विक्रीचे पैसे प्रकाशकाला मिळाले, त्यानंतर ती प्रत कितीला विकायची हे तो सांगू शकत नाही. पुढल्याच वर्षी हे तत्त्व अमेरिकेच्या कायद्यात आलं. तिथलं प्रत्येक जुन्या पुस्तकांचं दुकान आणि घरापुढच्या अंगणात मांडलेला जुना माल या ११ सेंटच्या भांडणावर उभा आहे, असं म्हटलं तरी चालेल.

मग कीर्तसेंगचं कुठे अडलं? १९७६च्या कायद्यात एक शब्दप्रयोग आहे, 'या कायद्याखाली वैधरीत्या तयार केलेली' प्रत. प्रकाशक म्हणाला, ही पुस्तकं अमेरिकेबाहेर छापली, म्हणजे ती 'या कायद्याखाली' तयार झालेलीच नाहीत, सबब त्यांना ती सवलत नाही. एका वाक्याचे दोन अर्थ आणि त्यावर ६ लाख डॉलर! स्पेसिफिकेशनमधल्या एका मोघम शब्दावरून क्लायंटशी महिनाभर भांडलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

आधीचे दोन खटलेही मजेशीर आहेत. १९९८मध्ये शाम्पूच्या बाटल्यांचा होता. माल अमेरिकेत बनला, परदेशात स्वस्तात विकला गेला आणि फिरून अमेरिकेत परत आला. कॉपीराइट कशावर, तर बाटलीच्या लेबलवर! तिथे विक्रेता जिंकला. २०१०मध्ये घड्याळांचा. ओमेगाची घड्याळं कॉस्टको या दुकानाने बाहेरून आणून १,२९९ डॉलरला विकली, कंपनीची सुचवलेली किंमत होती १,९९५. ओमेगाने घड्याळाच्या मागे एक छोटंसं चिन्ह कोरून त्याचा कॉपीराइट घेतला होता. या वेळी माल परदेशात बनलेला. न्यायालयात ४ विरुद्ध ४ मतं पडली, खालचा निकाल ओमेगाच्या बाजूचा होता तो तसाच राहिला आणि मूळ प्रश्न लोंबकळत राहिला.

कीर्तसेंगची सुनावणी २९ ऑक्टोबर २०१२ला झाली. त्या दिवशी सॅंडी वादळामुळे वॉशिंग्टनची सरकारी कार्यालयं बंद होती, न्यायालय मात्र बसलं. प्रश्न असे निघाले, की टोयोटा गाडीत परदेशात बनलेलं, कॉपीराइट असलेलं सॉफ्टवेअर असतं, मग जुनी टोयोटा विकायला प्रत्येक कॉपीराइटधारकाची परवानगी घ्यायची का? ग्रंथालयांच्या संघटनेने सांगितलं की अमेरिकेतल्या ग्रंथालयांत परदेशात प्रसिद्ध झालेली निदान २० कोटी पुस्तकं आहेत, त्यांचं काय करू?

१९ मार्च २०१३ला ६ विरुद्ध ३ मतांनी कीर्तसेंग जिंकला. न्यायमूर्ती ब्रायर यांनी निकाल लिहिला. पुस्तक कुठे छापलं याने फरक पडत नाही, एकदा विकलं की विकलं. दोन आवृत्त्यांवरच्या सूचनांची तुलना करायला त्यांनी जे पुस्तक घेतलं, ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. 'फंडामेंटल्स ऑफ फिजिक्स'! म्हणजे आपलं हॅलिडे-रेस्निक, ज्याच्यावर बारावीत आपण सगळ्यांनी डोकं आपटलं तेच. २०१६मध्ये वकिलांच्या फीवरून तो खटला पुन्हा त्याच न्यायालयात गेला. पठ्ठ्या तोवर पीएचडी संपवून, शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे शिकवायला मायदेशी परतलाही होता.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण ज्या तीन न्यायाधीशांचं मत विरुद्ध पडलं (गिन्सबर्ग, केनेडी आणि स्कालिया), त्यांच्या बाजूलाही दम होता. अशी पुस्तकं अमेरिकेत येण्यापासून रोखायचा हक्क संसदेने मालकाला मुद्दाम दिलाय, असं त्यांचं म्हणणं. आणि जरा आपल्या बाजूने विचार करा. प्रकाशक आपल्याला ४०० रुपयांत पुस्तक देतो, कारण ते इथेच राहील असा त्याचा हिशोब असतो. ते जहाजाने परत जाणार असेल तर तो इथली किंमत वाढवेल किंवा स्वस्त आवृत्तीच बंद करेल. कॅलिफोर्नियातल्या मुलाचा फायदा आणि कोथरूडमधल्या मुलाचं नुकसान, असा हा सौदा होऊ शकतो.

भारतात निकाल वेगळा लागला. २०१०मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याच वायलीने स्वस्त भारतीय आवृत्त्या ऑनलाइन विकून अमेरिकेत पाठवणाऱ्यांवर दावा केला आणि न्यायालयाने त्या निर्यातीला मनाई केली. देशातल्या देशात मात्र आपला कायदा स्पष्ट आहे. लोकांना प्रती पुरवण्याचा हक्क मालकाचा, पण 'आधीच चलनात आलेल्या' प्रती सोडून. आप्पा बळवंत चौकातल्या सेकंडहँड दुकानाला धक्का नाही.

आता मला खरी बोचलेली गोष्ट. हा सगळा १०० वर्षांचा झगडा वस्तूबद्दल होता. कीर्तसेंगचा निकाल लागला त्याच महिन्यात, ३० मार्च २०१३ला, न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने ठरवलं की विकत घेतलेली डिजिटल गाणी रीडिजी या साइटवर पुन्हा विकता येणार नाहीत, कारण विकताना नवी कॉपी तयार होते. २०१८मध्ये अपिलातही तेच ठरलं. युरोपातल्या न्यायालयाने २०१२मध्ये वापरलेल्या सॉफ्टवेअर लायसन्सची फेरविक्री चालवून घेतली, पण २०१९मध्ये ई-बुकला नकार दिला. २००९मध्ये तर ॲमेझॉनने लोकांनी पैसे देऊन घेतलेलं ऑर्वेलचं '१९८४' त्यांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकलं होतं. (नंतर माफी मागितली. पण पुस्तकाची निवड बघा!) २०१८-१९च्या सुमाराला अमेरिकेतले मोठे पाठ्यपुस्तक प्रकाशक 'आधी डिजिटल'कडे आणि वर्गणीकडे वळले. हे फक्त कीर्तसेंगमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण पुढची कीर्तसेंग मंडळी काय विकणार? पासवर्ड?

आणि हे मी कुठल्या तोंडाने बोलतोय? मी ज्या धंद्यात आहे त्यानेच तर जगाला 'विकत नाही, लायसन्स देतो' हे वाक्य शिकवलं. ते स्क्रीनवर दाखवून खाली 'मान्य' बटण ठेवायचं काम मीही केलंय. कुणी वाचत नाही हे माहीत असून.

असो. तळाच्या खणातली पुस्तकं रद्दीत घालायची ठरवली होती. रद्दीवाला किलोवर घेतो, चौकातला दुकानदार निदान छापील किमतीच्या काही टक्के तरी देईल, आणि एखाद्या सेकंड इयरच्या पोराची सोय होईल. पुढच्या रविवारी पिशवीत घालून घेऊन जाईन म्हणतो. कुणाची परवानगी लागत नाही, तोवर.