कडी दोन्ही बाजूंनी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आईच्या घरामागे, परड्यात, आम्ही दोन खोल्या काढायला घेतल्या तेव्हा हितचिंतकांनी आम्हाला वेड्यात काढले. त्यांचा हेतू शुद्ध होता आणि त्यांतले अनेक जण अभ्यासू आहेत. म्हणूनच त्यांच्या मताचा समाचार नीट घेतला पाहिजे. ते मत केवळ आमच्या घरापुरते नाही. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलाने किंवा मुलीने उतारवयातल्या आईवडिलांजवळ परत येणे आणि त्यासाठी जुन्या घराला खोली जोडणे, हा भावनेच्या भरातला व्यवहार आहे, असे आज सुशिक्षित वर्गात जवळजवळ गृहीत धरले जाते.

प्रथम पूर्वपक्ष, कसलीही काटछाट न करता. एक: एकत्र कुटुंबाचा काळ संपला, परत येणे म्हणजे काळाच्या उलट पोहणे. दोन: जुन्या घरात घातलेला पैसा बुडीत; तेवढ्यात फ्लॅटची सोय होते, आणि आईवडिलांच्या जागेवर बांधलेली भिंत कायद्याने आपली होत नाही. तीन: जवळ राहिले की भांडणे ठरलेली. चार: आईलाच शहरात न्यावे, तिथे दवाखाने आहेत, लिफ्ट आहे. चारही मुद्दे वजनदार आहेत. पण ते टिकतात का?

पहिला मुद्दा इतिहासाचा म्हणून मांडला जातो, आणि तो इतिहासापुढेच टिकत नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली, तिच्यात एक छप्पर, एक चूल आणि सामाईक मालमत्ता ही प्रमुख लक्षणे होती. सर्वसाधारण समजूत आजही तिथेच थांबली आहे: चूल वेगळी झाली की कुटुंब मोडले. पण आय. पी. देसाई यांनी गुजरातमधल्या महुवा गावाचा अभ्यास करून १९६४ मध्ये दाखवले की, वेगळ्या घरांत राहणारी माणसेही परस्परांच्या जबाबदारीने बांधलेली असतात. ए. एम. शहा यांनी १८२५ सालच्या नोंदींवरून गुजरातमधल्याच राधवणज गावातली घरे तपासली, तेव्हा तिथेही प्रचंड एकत्र कुटुंबे हा नियम नव्हताच. मग जे सरसकट कधी नव्हते, ते संपले कसे? आणि २०१७-१८ च्या राष्ट्रीय वार्धक्य पाहणीत एकटे राहणारे ज्येष्ठ सुमारे ६ टक्केच आढळले; बहुसंख्य अजूनही मुलांच्या सोबतीने राहतात. ज्याला उलटा प्रवाह म्हटले जाते, तोच मुख्य प्रवाह आहे.

आपली भाषाही साक्ष देते. जुनी मराठी घरे खणांवर मोजली जात: पाच खणी, सात खणी. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर. संसार वाढला की खण वाढे, सोप्याला पडवी लागे, परड्यात न्हाणी येई. घर एकदा बांधून संपवायची वस्तू आहे, ही कल्पना फ्लॅटने आणली. घराला खोली जोडणे हा या मातीतला जुना रिवाज आहे.

दुसरा मुद्दा पैशाचा. फ्लॅटच्या किमतीत जमिनीचा वाटा, जिना, लॉबी, पार्किंग आणि बिल्डरचा नफा येतो. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी येतो, परवडणाऱ्या घरांच्या श्रेणीत १ टक्का. वर मुद्रांक शुल्क, आणि दरमहाचा मेंटेनन्स कायमचा. परड्यातल्या खोलीत तुम्ही फक्त बांधकामाचे पैसे मोजता. मालकीची शंका मात्र रास्त आहे. आईच्या नावच्या जागेवर लेकीने खर्च केला म्हणून खोली तिच्या नावे होत नाही. पण यावरून ‘बांधू नका’ असा निष्कर्ष निघतो की ‘आधी कागद करा’ असा? प्रॉपर्टी कार्ड काढावे, भावंडांना समोर बसवून बोलावे, ठरेल ते मृत्युपत्राने किंवा बक्षीसपत्राने लिहून ठेवावे, आणि त्यानंतरच पाया खणावा. आईवडिलांचे रक्षणही कायद्यात आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडली तर परत मिळवता येते. त्याच कायद्याने ‘मुले’ या शब्दात मुलींनाही धरले आहे. जबाबदारी लेकीचीही असेल, तर ‘माहेरी कशाला?’ हा प्रश्न तिला विचारण्याचा अधिकार कोणाला उरतो?

बांधकामाच्या धोक्याबद्दल हितचिंतक बोलतात, तेव्हा मी त्यांच्याच बाजूची आहे. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप विसरता येणार नाही. किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनीच माणसे गाडली. जुन्या भिंतीवर स्लॅबचे ओझे टाकणे हा गुन्हा आहे. म्हणून नवी खोली स्वतःच्या कॉलमवर उभी करावी, जुन्या भिंतीला न टेकवता, मध्ये दोन बोटे फट ठेवून. जुन्या पायाला लागून त्याहून खोल खणू नये. आमच्या गवंड्याने ओळंबा सोडून ती फट वरपासून खालपर्यंत तीनदा तपासली. पंचगंगेच्या निळ्या पूररेषेच्या आत तर हा विचारच करू नये. २०१९ आणि २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर गेले. तिथली धोका पातळी ४३ फूट आहे. पण हे सारे आक्षेप वाईट बांधकामाविरुद्ध आहेत. परत येण्याविरुद्ध त्यांतला एकही नाही.

तिसरा मुद्दा भांडणांचा. भांडणे होतात, हे मान्य. ती कशावरून होतात? एकच स्वयंपाकघर, एकच संडास, एकच टीव्ही, आणि न विचारता उघडले जाणारे दार. म्हणजे बहुतेक भांडणांचे मूळ घराच्या आराखड्यात असते, आणि आराखडा बदलता येतो. आमच्या खोल्यांना स्वतंत्र ओटा आहे, स्वतंत्र न्हाणीघर आहे, बाहेरून वेगळा दरवाजा आहे. आईच्या बाजूला उंबरा काढून १२ फुटांना १ फूट चढाचा उतार केला, दार तीन फुटी ठेवले, कमोडशेजारी धरायला दांडी बसवली. यापेक्षा गंभीर आक्षेप एकच, आणि तो कोणी मोठ्याने घेत नाही: शुश्रूषेचा सारा भार घरातल्या एकाच बाईवर पडतो. हा आक्षेप खरा आहे. जिथे मुलगा परततो आणि राबते सून, तिथे खोली बांधून काही साधत नाही. कामाची वाटणी वीट लागण्याआधी व्हायला हवी.

चौथा मुद्दा सर्वांत प्रेमळ, आणि माझ्या मते सर्वांत चुकीचा. आईला आम्ही चार महिने पुण्यात ठेवून पाहिले. लिफ्ट होती, दवाखाना जवळ होता. ती गॅलरीत उभी राहून खालची भाजीची गाडी बघत असे. कोल्हापुरात ती दोन दिवस कपिलतीर्थ मार्केटला गेली नाही, तर भाजीवाली शेजारणीजवळ चौकशी करते. कोणी आपली चौकशी करावी, ही वार्धक्यातली मोठी गरज आहे, आणि कोणतीही लिफ्ट ती भागवत नाही. अंबाबाईच्या देवळाची वाट, ओळखीचा डॉक्टर, नावाने हाक मारणारी गल्ली हे सारे पन्नास वर्षांत उभे राहते. ते सामानाबरोबर टेम्पोत भरता येत नाही. म्हातारे झाड उपटून लावायचे की तरुणाने दोन पावले चालायचे?

अर्थात प्रत्येकाने परतावे असा माझा आग्रह नाही. नोकरी परवानगी देत नसेल, जागा वादात असेल, आईवडिलांनाच नको असेल, तर परतू नये. माझे म्हणणे इतकेच की, परतणाऱ्याला भाबडा ठरवणारे चारही मुद्दे तपासले तर त्यांतून हाती उरते ते पूर्वतयारीचे टाचण. नकाराचे कारण त्यांत सापडत नाही.

आईच्या घरात आणि आमच्या खोल्यांत एक दार आहे. सुताराने कडी आमच्या बाजूला बसवली, तेव्हा आई म्हणाली, “माझ्या बाजूलापण एक बसव.” तेव्हा मला जरा लागले. आता ते मला या साऱ्या वादाचे उत्तर वाटते. दोन्ही बाजूंना कडी असलेले दार उघडे राहते, तेव्हा ते दोघींच्या मर्जीने उघडे असते. एकत्र कुटुंबात ही मर्जी विचारली जात नव्हती, आणि दूरच्या फ्लॅटमध्ये ते दारच नाही. निवाडा वाचकांनी करावा.